सोनगीरचा काळा दगड आणि पूर्णाकाठची राख

धुळ्याच्या उत्तरेस मुंबई-आग्रा मार्गावर वसलेले सोनगीर हे गाव किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. परंतु हा किल्ला ज्या काळ्या दगडाच्या मुलखात उभा आहे, त्या दगडाचा इतिहास खानदेशच्या कोणत्याही राजवटीपेक्षा फार जुना, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील विल्यम ब्लॅनफर्ड यांनी तापी व खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांचा अभ्यास करून १८६९ मध्ये जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात या प्रदेशाच्या खडकांचे वर्णन आले. धुळे-नंदुरबार पट्ट्यात जमिनीतून भिंतींसारख्या वर आलेल्या, काही ठिकाणी कित्येक किलोमीटर लांब अशा दगडी रांगा दिसतात. त्यांना भित्तिखडक म्हणतात, आणि भेगांत थिजलेल्या शिलारसापासून त्या बनलेल्या असतात. हा काळा दगड घडवणारा दख्खनचा ज्वालामुखी मुख्यतः अशा भेगांतून वाहिला. त्यामुळे येथे लाव्हाचे थरावर थर साचले, राखेचे मात्र थोडेच. दोन थरांमध्ये जे तांबडे मातकट पट्टे दिसतात, त्यांपैकी काही विघटित राखेचे असावेत, असे काही अभ्यासक मानतात.

खानदेशच्या नद्यांशी नाते सांगणारी खरी राख परदेशातून आली. जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या वरच्या भागातील गाळात, तसेच पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या काठी राखेचे थर आढळले. बोरीच्या राखेसोबत अश्मयुगीन हत्यारे सापडल्याने तिचे वय ठरवणे हा मोठाच वादविषय झाला: १९८९ मध्ये ते सुमारे १४ लाख वर्षे मांडले गेले, १९९५ मध्ये एका गटाने ६.७ लाख वर्षे ठरवले, तर त्याच वर्षी दुसऱ्या गटाने राखेतील काचकणांच्या रासायनिक घडणीवरून ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचे मत मांडले. टोबापासून बोरी तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

राखेचा नकाशा काढण्याची रीत वरवर साधी दिसते. ठिकठिकाणी थराची जाडी मोजायची आणि समान जाडीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, म्हणजे समजाडी रेषा, आखायच्या. त्या वाऱ्याच्या दिशेने लांबट होत जातात आणि त्यांवरून उद्रेकाचे स्थान व आकारमान अजमावता येते. मात्र पावसाने व पुराने आजूबाजूची राख खोलगट जागी वाहून आणली, तर आकाशातून काही सेंटिमीटरच पडलेला थर मीटरभर जाड दिसू लागतो. नदीकाठची राख मोजणाऱ्याने मूळ पडलेला थर आणि वाहून साचलेला थर यांतला भेद ओळखला नाही, तर नकाशा धोका कित्येक पटींनी फुगवून दाखवतो. भारतातील टोबा-राखेच्या अभ्यासातील सर्वांत नाजूक जागा हीच आहे.

छपरांवर साचणाऱ्या राखेच्या धोक्याचे गणित वजनाचे असते. सुक्या, नुकत्याच पडलेल्या राखेच्या १० सेंटिमीटर थराचे वजन दर चौरस मीटरला साधारण ४० ते ७० किलो भरते, आणि पाऊस पडला की ते दीडपट-दुप्पट होते. खानदेशातील जुनी धाब्याची घरे, ज्यांचे सपाट छप्पर लाकडांवर मातीचा जाड थर देऊन केलेले असते, या हिशेबात सर्वांत नाजूक ठरतील, कारण त्यांच्या तुळया आधीच मातीचे ओझे पेलत असतात आणि सपाट छपरावरून राख घसरूनही जात नाही.

खानदेशावर अशी वेळ येण्याची शक्यता फार कमी आहे. भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. तथापि २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हायली गुब्बी ज्वालामुखी उफाळला, तेव्हा त्याची राख दुसऱ्याच दिवशी वायव्य भारताच्या आकाशात पोहोचली आणि विमानांची काही उड्डाणे रद्द करावी लागली.