तारापोर, लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी

(१८ ऑगस्ट १९२३ – १६ सप्टेंबर १९६५). परमवीरचक्राचे मानकरी भारतीय सेनाधिकारी. जन्म मुंबईचा, शालेय शिक्षण पुण्यात. हैदराबाद संस्थानच्या लष्करातून ते पुढे भारतीय सेनेच्या पूना हॉर्स या चिलखती रेजिमेंटमध्ये आले आणि १९६५ च्या भारत-पाक युद्धात सियालकोट आघाडीवर कमांडिंग ऑफिसर म्हणून तिचे नेतृत्व केले. परमवीरचक्राचे बहुतेक मानकरी लहान तुकड्यांच्या आघाडीवर लढलेले आहेत. तारापोर यांच्या हाताखाली संपूर्ण रेजिमेंट होती. त्यांचे शौर्य मोजायचे तर ते सेनापतित्वाचाच भाग मानून मोजावे लागते.

११ सप्टेंबरला या आघाडीवरील फिलोरा या पाकिस्तानी ठाण्यावर पिछाडीने हल्ला करण्यासाठी पूना हॉर्स फिलोरा आणि चविंडा यांच्यामधून घुसत असताना वझीरवालीच्या बाजूने शत्रूचे रणगाडे अचानक चालून आले. तारापोर रेजिमेंटच्या अग्रभागी होते. त्यांनी तो मारा जागेवरून न हलता झेलला आणि एक स्क्वॉड्रन व पायदळाची साथ घेऊन फिलोरावर चढाई केली. जखमी झाल्यावरही त्यांनी मागे जायला नकार दिला. तशाच अवस्थेत १४ तारखेला वझीरवाली आणि १६ तारखेला जसोरन व बुटूर-डोग्रांडी त्यांनी घेतले. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्यावर अनेकदा गोळे आदळले, तरी चविंड्यावर पिछाडीने जाणाऱ्या पायदळासाठी त्यांनी ही ठाणी धरून ठेवली. १६ तारखेलाच ते धारातीर्थी पडले.

कमांडिंग ऑफिसरने इतके पुढे राहणे हा अविचार नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही: बुटूर-डोग्रांडीच्या लढाईत ८ गढवाल रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल झिराड हेही पडले, आणि एका लढाईत दोन कमांडिंग ऑफिसर गमावणे कोणत्याही सैन्याला जड जाते. पण रणगाड्यांची झुंज मागे बसून चालवता येत नाही. झाकण बंद केले की कमांडरला पेरिस्कोपच्या अरुंद चौकटीतून दिसेल तेवढेच दिसते. धूळ आणि उंच उसात तेही धूसर होते, आणि बिनतारी संदेश येईपर्यंत परिस्थिती पालटलेली असते. शिवाय आपल्या जागी राहून लढणारी रेजिमेंट त्यांनी घडवली होती, याचा पुरावा त्यांच्या मृत्यूनंतर मिळाला: रेजिमेंट मोडली नाही, झुंजत राहिली.

चविंडा अखेर हाती आले नाही, म्हणून या कामगिरीचे मोल कमी ठरवणारेही आहेत. चविंड्याचा निकाल अनेक तुकड्यांच्या हालचालींवर अवलंबून होता, एका रेजिमेंटवर नव्हे. परमवीरचक्राच्या मानपत्रानुसार या सहा दिवसांत रेजिमेंटने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे ९ गमावले. हे आकडे भारतीय बाजूचे आहेत, हे लक्षात ठेवावे. पण जखमी कमांडरने पुढच्या पाच दिवसांत आणखी दोन चढायांचे नेतृत्व केले, ही गोष्ट त्या मोजदादीवर अवलंबून नाही.