अकोल्याचा ‘सांबार’ ॲपला कसा कळणार? घरच्या रेसिपी डिजिटल करण्याआधी हे वाचा

अकोल्याच्या भाजीबाजारात "थोडा सांबार द्या" म्हटलं की कोथिंबिरीची जुडी हातात पडते. पुण्यातल्या हॉटेलात सांबार मागितला की इडलीसोबत वाटी येते. माणसाला हा फरक संदर्भावरून कळतो, सॉफ्टवेअरला कळत नाही. आणि घरच्या रेसिपी मोबाईलमध्ये नीट लावायला बसलेल्या वऱ्हाडी कुटुंबाची पहिली अडचण नेमकी इथे सुरू होते.

अमरावती-अकोल्याकडच्या कित्येक घरांत एक वही असते. तेलाचे डाग पडलेली, पानं सुटत चाललेली, मधूनच किराणाचा हिशोब. त्यात पातोडीचा रस्सा असतो, कोहळ्याचे बोंडं असतात, महालक्ष्मीच्या आंबिलीचं प्रमाण असतं. उरलेलं कुठेच लिहिलेलं नसतं, ते आजीच्या हातात असतं. मुलं पुण्या-मुंबईला, हैदराबादला, काही थेट अमेरिकेत. मग फॅमिली ग्रुपवर व्हॉइस नोट येते, वहीच्या पानाचा फोटो येतो आणि दोन महिन्यांनी ‘गुड मॉर्निंग’च्या ढिगाखाली दोन्ही गाडले जातात. फोन बदलताना बॅकअप घ्यायचा राहिला, तर तेही जातं.

यावर उपाय म्हणून जी ॲप मिळतात, त्यांना रेसिपी मॅनेजर म्हणतात.

हे नेमकं करतं काय?

साध्या नोट्समध्ये रेसिपी म्हणजे एक सलग मजकूर. रेसिपी मॅनेजर त्याचे कप्पे करतो: नाव, साहित्य, प्रमाण, कृती, लागणारा वेळ, किती जणांसाठी, फोटो, टॅग. कप्पे झाले की तीन कामं आपोआप होतात. घरात बरबटी पडून आहे, तर तिचं काय काय करता येईल हे शोधता येतं. चार जणांचं प्रमाण चाळीस जणांचं करता येतं. आणि चार पदार्थ निवडले की त्यांची मिळून किराणाची यादी निघते.

कल्पना जुनीच आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या नीमन मार्कस या दुकानाच्या कॅटलॉगमध्ये हनीवेल कंपनीचा ‘किचन कॉम्प्युटर’ झळकला होता. किंमत १०,६०० डॉलर, आणि माहिती भरायला कीबोर्ड नाही, खटके. तो कुणी विकत घेतल्याची नोंद सापडत नाही, यात आश्चर्य वाटायचं कारण नाही.

खरी सोय झाली ती २०११ नंतर. गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ नावाची एक सामाईक पद्धत आणली. त्यात वेबसाइट आपल्या पानावर पडद्याआड सांगून ठेवते की हे साहित्य, ही कृती, हा वेळ. म्हणून आज रेसिपीची लिंक ॲपमध्ये टाकली की जाहिराती आणि लांबलचक प्रस्तावना गळून फक्त रेसिपी येते. हे चालतं ते अशी खूण असलेल्या वेबसाइटसाठी. इन्स्टाग्रामच्या रीलला किंवा यूट्यूबच्या व्हिडिओला ती खूण नसते. तिथे काही ॲप एआय लावून मजकूर काढून देतात, पण प्रमाण स्वतः तपासल्याशिवाय सेव्ह करू नका.

आजीच्या वहीला तर कोणतीच खूण नसते. ते काम हातानेच करावं लागतं.

शब्द बदलू नका, जोडा

वही टाइप करायला बसलेला पुण्यातला नातू पहिली चूक करतो ती ‘शुद्ध’ करण्याची. सांबारची कोथिंबीर होते, आलूचा बटाटा, भेदऱ्याचा टोमॅटो, बरबटीची चवळी, चुनाचं पिठलं. यात रेसिपीची ओळख पुसली जाते हे एक. दुसरं म्हणजे घरातली मोठी माणसं ‘सांबार’ शोधतात आणि स्क्रीनवर काहीच येत नाही.

‘कोहळं’ तर थेट पदार्थ बिघडवू शकतं. विदर्भात कोहळ्याचे बोंडं म्हणजे लाल भोपळ्याचे गोड बोंडं. पश्चिम महाराष्ट्रात कोहळा म्हणजे पेठ्याचं ते पांढरट फळ. रेसिपीत नुसतं ‘कोहळं’ लिहून पुण्यातल्या सुनेला पाठवलं, तर ती भलतंच फळ घेऊन येईल, आणि चूक तिची नसेल.

उपाय सोपा आहे. रेसिपीत घरचाच शब्द ठेवा आणि पर्यायी नाव टॅगमध्ये टाका. नाव ‘सांबारवडी’, टॅग ‘कोथिंबीर, पुडाची वडी’. नाव ‘पातोडी’, टॅग ‘पाटवडी, बेसन’.

टॅगची गरज आणखी एका कारणाने पडते. बहुतेक ॲपचा शोध अक्षराला अक्षर जुळवतो, त्याला मराठीचं व्याकरण येत नाही. तुम्ही ‘वांगी’ शोधलं तर ‘वांग्याची भाजी’ सापडणार नाही, कारण ‘वांगी’ ही अक्षरं त्यात नाहीतच. म्हणून मूळ शब्द टॅगमध्ये एकदा टाकून ठेवायचा.

आणि ही गंमत खास आपल्यासाठी: ‘वऱ्हाडी’ हा शब्द संगणकात दोन पद्धतींनी टाइप होतो. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात, आतले कोड मात्र वेगळे असतात. एका फोनवरून लिहिलेला ‘वऱ्हाडी’ टॅग दुसऱ्या फोनवरून शोधला आणि सापडला नाही, तर ॲपला शिव्या देण्याआधी हे आठवा. टॅग प्रत्येकाने नव्याने टाइप करण्यापेक्षा यादीतून निवडलेला बरा.

पायली, शेर आणि ‘अंदाजाने’

दुसरी मोठी अडचण मापांची. ॲपला ‘दीड वाटी’ कळत नाही. सव्वा, पाऊण, अडीच हेही त्याच्या गावी नसतं. प्रमाण दुप्पट करायला सांगितलं की तो ‘दीड’ तसाच ठेवतो आणि बाकीचं दुप्पट करतो. काही ॲपना देवनागरी आकडेही आकडे म्हणून ओळखता येत नाहीत. म्हणून प्रमाणाच्या कप्प्यात इंग्रजी आकडा आणि दशांश लिहा, ‘दीड वाटी’ हवं तर शेजारी टिपेत राहू द्या. पहिली रेसिपी भरली की लगेच दुप्पट करून बघा. चाळीस रेसिपी भरून झाल्यावर हे कळण्यापेक्षा तेव्हा कळलेलं परवडतं.

जुन्या वहीत मात्र याहून जुनी मापं असतात. पायली हे धान्याचं आकारमानाचं माप. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. पायली गावागणिक वेगळी भरते, आणि एका पायलीत ज्वारी किती किलो बसते आणि उडदाची डाळ किती, हे आकडेही वेगळे. इंटरनेटवर मिळालेला ‘पायली म्हणजे इतके किलो’ हा आकडा डोळे झाकून भरू नका. घरात जुनं मापटं असेल तर ते एकदा भरा, वजनकाट्यावर ठेवा आणि तोच आकडा लिहा.

शेरात आणखी एक खोच आहे. धान्याचा शेर आकारमानाचा, पण तेला-गुळाचा शेर वजनाचा असू शकतो. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्या हिशोबाने पावशेर २३३ ग्रॅम होतो, आज आपण सहज २५० धरतो. देशात दशमान वजनं १९५८ पासून लागू होऊ लागली, त्याआधीच्या पाककृतीत हा फरक येणारच. भाजीत तो जाणवत नाही. पापडखाराच्या आणि मिठाच्या प्रमाणात जाणवतो.

मग येतं ‘अंदाजाने’. पातोडीला बेसनाच्या साधारण दीडपट ते दुप्पट पाणी लागतं, पण वहीत लिहिलेलं असतं ‘पाणी बेताचं’. इथे आकडा आणि खूण दोन्ही लिहिणं शहाणपणाचं: इतकं पाणी, आणि चून कढईची कड सोडायला लागेपर्यंत घोटायचं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या रोडग्यांना तर तापमानाचा कप्पाच निरुपयोगी आहे. तो रिकामा सोडा आणि कृतीत लिहा की वरून डाग पडले आणि फोडल्यावर आत कच्चं पीठ दिसलं नाही की झाले.

प्रमाण वाढवण्याच्या बटणावरही फार विसंबू नका. महालक्ष्मीच्या जेवणाला शंभर पानं उठणार असतील तर पुरणाची डाळ आणि गूळ सरळ गुणाकाराने वाढतात. फोडणीचं तेल, तिखट, मीठ तसं वाढत नाही, आणि शिजायचा वेळ तर नाहीच नाही. म्हणून ‘सणाचं प्रमाण’ ही वेगळी रेसिपी म्हणून भरा, आणि यंदा काय उरलं, काय कमी पडलं ते जेवणं झाली की त्याच रात्री टिपेत टाका. पुढच्या वर्षी त्या टिपेइतकं कामाचं दुसरं काही नसेल.

वाळवणाला वेळेचा कप्पा अपुरा पडतो. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलावं लागतं, मग चीक, मग ऊन. ॲपच्या मेन्यू-कॅलेंडरमध्ये ‘कुरडया’ शनिवारी टाकल्या तर ‘गहू भिजत घाला’ ही वेगळी नोंद बुधवारी टाकावी लागते.

कोणतं घ्यायचं?

पन्नासच्या आत रेसिपी असतील तर खरं सांगायचं तर काहीच घ्यायची गरज नाही. गूगल ड्राइव्हमध्ये एक फोल्डर, प्रत्येक पदार्थाचं एक डॉक्युमेंट, घरातल्या सगळ्यांना शेअर. शोध चालतो, मराठी चालते, पैसे लागत नाहीत. प्रमाण आपोआप वाढणं आणि किराणाची यादी एवढं मिळत नाही.

त्यापुढे जायचं असेल तर पॅप्रिका हे जुनं, वापरायला सोपं ॲप आहे. महिन्याचं भाडं नाही, एकदाच पैसे. पण अँड्रॉइड, आयफोन, कॉम्प्युटर प्रत्येकासाठी वेगळे. मिली आणि तंदूर ही दोन मुक्त सॉफ्टवेअरं फुकट आहेत आणि त्यात अख्खं कुटुंब एकत्र काम करू शकतं, मात्र ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवावी लागतात. घरात कुणी आयटीवाला असेल आणि तो दर रविवारी वेळ देणार असेल तरच त्या वाटेला जा. या सगळ्यांत मराठी मजकूर लिहिता येतो. मेन्यू मराठीत मिळेलच ही अपेक्षा नको.

कुकलँग हा वेगळाच प्रकार आहे. रेसिपी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायची, घटकाआधी एक चिन्ह, भांड्याआधी दुसरं, वेळेआधी तिसरं. दिसायला रुक्ष, पण ती फाइल वीस वर्षांनीही कोणत्याही कॉम्प्युटरवर उघडेल.

ॲपच बंद पडलं तर?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि हाच आधी विचारायला हवा. एव्हरनोट फूड २०१५ मध्ये बंद झालं. यमली हे प्रचंड लोकप्रिय ॲप व्हर्लपूलसारख्या मोठ्या कंपनीच्या मालकीचं होतं, तेही डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. ज्यांनी वेळेत आपल्या रेसिपी बाहेर काढल्या नाहीत, त्यांचा संग्रह गेला.

म्हणून ॲप निवडताना रंगरूप बघण्याआधी सेटिंगमध्ये ‘एक्स्पोर्ट’ शोधा. ते नसेल तर ॲप काढून टाका. असेल तर दिवाळीला एकदा आणि उन्हाळ्यात एकदा सगळं एक्स्पोर्ट करून दुसरीकडे ठेवा, आणि एक छापील प्रत स्वयंपाकघरात असू द्या. १८७५ मध्ये छापलेलं ‘सूपशास्त्र’ आजही वाचता येतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या फ्लॉपीत ठेवलेली रेसिपी आज वाचायची तर आधी फ्लॉपी चालवणारं यंत्र शोधावं लागेल.

सुरुवात कुठून?

टायपिंगपासून नाही. आधी वहीच्या प्रत्येक पानाचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा, कोऱ्या वाटणाऱ्या पानांचाही, कारण समासात काहीतरी खरडलेलं असतंच. गूगल लेन्स छापील मराठी बरंच चांगलं वाचतं, हाताच्या अक्षरात मात्र चुकतं, आणि वळणदार जुन्या अक्षरात फारच चुकतं. त्यापेक्षा वही मोठ्याने वाचा आणि फोनला टाइप करू द्या. गूगलचं मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ पासून आहे. वऱ्हाडी बोलीत ते अडखळेल, तेवढं हाताने दुरुस्त करा.

मूळ फोटो रेसिपीलाच जोडून ठेवा. उद्या प्रमाणाबद्दल शंका आली तर पुरावा तोच. रेसिपी कुणाची, कधी सांगितली, हे दोन शब्दही लिहा. ‘मोठ्या मावशीची आंबील’ आणि ‘आईची आंबील’ या वेगळ्या असतात आणि घरात त्यावरून वाद होतात.

वहीत नसलेल्या गोष्टींना आधी वेळ द्या. वही पुढच्या वर्षीही कपाटात असेल. सरगुंडे वळताना बोटं कशी फिरतात, मांड्याची कणीक किती सैल, हे कोणत्याही कप्प्यात लिहिता येत नाही. त्यासाठी हाताचा जवळून काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ लागतो, आवाजासकट. आजी पीठ घेईल तेव्हा आधी तिचं भांडं वजनकाट्यावर ठेवा, तिला हवं तेवढं घेऊ द्या आणि आकडा तुम्ही टिपून घ्या. तिला "किती ग्रॅम?" विचारू नका. ती म्हणेल, "लागन तेवढं."