साध्या मजकुराची फाईल: एकेक ओळ वाचणे आणि बदलणे

मंडळी, सभासदांची यादी, दिवाळी फराळाची मागणी, गणेशोत्सवात भाग घेणाऱ्या मुलांची नावे असा मंडळाचा बराच कारभार साध्या टेक्स्ट फाईलवर चालतो. दर ओळीत एक कुटुंब: नाव, गाव, वर्गणी. अशा दोनशे ओळी हाताने दुरुस्त करण्यापेक्षा दहा ओळींचा प्रोग्राम बरा. पण तोच प्रोग्राम चुकला तर अख्खी यादी क्षणात रिकामी होते. तसे होऊ नये म्हणून काय करावे, ते इथे थोडक्यात दिले आहे. उदाहरणे पायथॉनची आहेत, पण पद्धत कुठल्याही भाषेत तीच.

ओळ कुठे संपते?

संगणकाच्या लेखी फाईल म्हणजे बाइट्सची एक लांब रांग. ओळ संपली हे न दिसणाऱ्या खुणेवरून कळते. लिनक्स आणि आजच्या मॅकवर ही खूण म्हणजे १० क्रमांकाचे चिन्ह, तर विंडोजवर १३ आणि १० अशी जोडी. फाईल टेक्स्ट म्हणून उघडली तर पायथॉन वाचताना हा फरक स्वतःच मिटवतो. मात्र प्रत्येक ओळीच्या शेवटी १० ची खूण चिकटलेली असते. ती काढूनच तुलना करा आणि लिहिताना परत जोडा.

मूळ फाईलवर थेट लिहू नका

फाईल नेहमीच्या पद्धतीने 'लिहिण्यासाठी' उघडली की आतला मजकूर त्याच क्षणी पुसला जातो, तुम्ही एकही अक्षर लिहिण्याआधी. मधलीच ओळ जागच्या जागी बदलावी म्हटले तर तेही जमत नाही. यूटीएफ-८ मध्ये 'पुणे' १२ बाइट घेतो आणि 'सातारा' १८. जास्तीचे ६ बाइट पुढचा मजकूर खाऊन टाकतात. म्हणून:

१. मूळ फाईल फक्त वाचण्यासाठी उघडा.
२. त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाची नवी फाईल लिहिण्यासाठी उघडा.
३. एकेक ओळ वाचा. बदलायची असेल तर बदलून, नसेल तर जशीच्या तशी नव्या फाईलमध्ये लिहा.
४. दोन्ही फाईली बंद करा आणि ओळींची संख्या जुळते का ते पाहा.
५. मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवून नव्या फाईलला मूळ नाव द्या. यासाठी पायथॉनमध्ये २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून 'रिप्लेस' हे फंक्शन आहे.

मधेच वीज गेली तरी मूळ यादी शाबूत राहते. ओळीमागून ओळ वाचत बदल करायची ही रीत जुनीच आहे. युनिक्सवरचा 'सेड' हा प्रोग्राम ली मॅकमहॉन यांनी १९७३-७४ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिला, तो असाच चालतो.

मराठी मजकुरासाठी खास

यूटीएफ-८: वाचताना आणि लिहिताना, दोन्ही वेळी ही एन्कोडिंग स्पष्ट सांगा. नाहीतर एका संगणकावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर नावांचा चिवडा करतो.

पहिली ओळ: विंडोजवरचे काही प्रोग्राम फाईलच्या सुरुवातीला ३ बाइटची अदृश्य खूण घालतात. त्यामुळे यादीतले पहिलेच नाव शोधून सापडत नाही. वाचताना 'यूटीएफ-८-सिग' असे सांगितले की ती खूण गळून पडते.

कऱ्हाडे आणि गोऱ्हे: यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणक त्यांना वेगळे समजतो. शोधण्याआधी सगळीकडे एकच रूप करून घ्या, म्हणजे त्या घरचे निमंत्रण राहून जाणार नाही.

जुने फॉन्ट: शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो. साध्या फाईलमध्ये त्याची रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र चिन्हे दिसतात. एन्कोडिंग बदलून तो सुधारत नाही. त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो.

पहिल्यांदा करताना पाच-सहा ओळींची छोटी फाईल घ्या. ती नीट जमली की मगच खऱ्या यादीला हात लावा.