पुरचुंडीची कुळकथा

आमच्या कर्जतच्या किराणा दुकानात ‘चहापुडी’ मागितली की सुट्या चहाचा पुडा हातात पडतो. त्यामुळे दोरा लावलेल्या चपट्या पिशवीला वेगळं नाव शोधावं लागलं, आणि ते बुडवण्यावरूनच पडलं: डिप. मला विचाराल तर तिचं खरं मराठी नाव पुरचुंडी. लवंग-दालचिनी फडक्यात बांधून पुलावात सोडतात ना, तीच युक्ती.

या युक्तीचं पेटंट दोन बायकांचं होतं. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या रोबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लारेन यांनी १९०१ साली अर्ज केला, १९०३ च्या मार्चमध्ये तो मंजूर झाला. त्यांचं म्हणणं साधं होतं. किटलीभर चहा करायला पत्ती भरपूर लागते आणि लगेच संपला नाही तर तो शिळा होतो. म्हणून एका कपापुरती, विरळ विणीच्या सुती कापडाची पिशवी. पत्ती तोंडात येऊ नये, पण पाणी आत खेळतं राहावं. श्रेय मात्र न्यूयॉर्कचे व्यापारी थॉमस सुलिव्हन यांना दिलं जातं. १९०८ च्या सुमारास त्यांनी रेशमी पिशव्यांतून नमुने धाडले आणि गिऱ्हाइकांनी ते पिशवीसकट बुडवले, असं सांगतात. गोष्ट गोड आहे, पण मान त्या दोघींचाच.

पुढे कापड जाऊन कागद आला. अबाका हे केळीच्या कुळातलं झाड. त्याच्या धाग्यांचा कागद ओला झाला तरी फाटत नाही. १९४९ मध्ये जर्मनीत अडॉल्फ रामबोल्ड यांच्या यंत्राने डिंकाविना, घडी घालून दोन कप्प्यांची पिशवी केली. पाणी चारी बाजूंनी आत शिरू लागलं.

एकदा एक डिप कात्रीने कापून तळहातावर ओतली. बारीक, काळसर दाणे. आमच्या डब्यातल्या चहाचेच धाकटे भाऊ. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आसामात विल्यम मॅकर्चर यांनी पान चिरडून, फाडून, वळवायचं यंत्र काढलं, त्या सीटीसी चहाचे हे दाणे. पटकन रंग सोडतात. एक भाऊ आपल्या पातेल्यात उकळायला गेला, दुसरा पुरचुंडीत शिरला.

घोटाळा होतो तो इथेच. माझ्या आत्याने पहिल्यांदा डिप पाहिली तेव्हा कोमट दुधात दोनदा बुडवली, आणि “हे काय, नुसतं दूधच की,” म्हणून पिशवी फोडून आधणात टाकली. आत्याचं काही चुकलं नाही. तिचा चहा आधणाचा, डिपचा मुरवण्याचा. डिपला आधी दूध चालत नाही; तिला खळखळतं पाणी लागतं.

आमच्या अवर्षणाच्या तालुक्यात आणखी एक अडचण आहे, बोअरचं जड पाणी. त्यातल्या क्षारांमुळे चहावर तेलकट दिसणारा तवंग धरतो आणि चव मंदावते. साठवलेलं पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घेतलं तर फरक लगेच कळतो.

तेव्हा पाहुण्यांपुढे डिप ठेवणार असाल तर एवढं करा. पाणी उकळतं असतानाच कपातल्या डिपवर ओता, बशीने झाका, चार मिनिटं हात लावू नका. पिशवी काढा, मगच गरम दूध घाला.