चित्रकथीच्या पानाची पाठ

या त्रैमासिकाचे वाचक बहुतेक दफ्तरें, बखरी व पोथ्या यांच्या संगतींत वावरणारे आहेत. त्यांच्यापुढें मुलांच्या उन्हाळी शिबिरांतील गाण्याबजावण्याची हकीकत मांडणें अप्रस्तुत दिसेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु सुट्या पानांच्या पोथीचा क्रम कसा लावावा हा प्रश्न आपणां सर्वांचा आहे. आणि त्या प्रश्नाचा एक धडा आम्हांस गेल्या वैशाखांत एका नऊ वर्षांच्या मुलीनें दिला. तो आमच्या अंगावर आलेला आहे, म्हणून तर तो सांगितलाच पाहिजे.

दक्षिण कोंकणांत मुलांसाठीं दहा दिवसांचें शिबिर भरलें होतें. सुमारें चाळीस मुलें होतीं. निम्मीं पुण्या-कोल्हापुरकडचीं, निम्मीं आसपासच्या गांवांतलीं. सकाळीं आम्ही श्लोक व सुभाषितें पाठ करून घ्यावीं, आणि दुपारीं पिंगुळीकडील एका वृद्ध चित्रकथ्यांनीं चित्रें काढण्यास, हुडुक वाजविण्यास व कथा गाण्यास शिकवावें, अशी वांटणी होती. सकाळच्या वर्गास मुलें वेळेवर येत व वेळेवर उठत. दुपारच्या वर्गांतून तीं उठत नसत. हा फरक पाहून आम्हीही तिसऱ्या दिवसापासून दुपारीं तेथें जाऊन बसूं लागलों.

चित्रकथी या नांवाचा अर्थ वाचकांस सांगणें नको. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचा गांव आहे. तेथील गुढीपूर वाडींत राहणाऱ्या ठाकर समाजानें ही कला आजवर चालविली आहे. त्याच समाजाकडे कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या बाहुल्यांचा पडद्यावरील खेळ आहे, पांगुळ बैल आहे, राधानाच आहे. सावंतवाडीच्या भोसल्यांचा या मंडळींस आश्रय होता, व अमुक देवळांत अमुक घराण्यानें कथा लावावी असे हक्क वांटून दिलेले होते. या समाजांतील श्री. परशुराम विश्राम गंगावणे यांनीं 2006 सालीं आपल्या गुरांच्या गोठ्याचें संग्रहालय केलें, आणि 2021 सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री देऊन गौरविलें, हें वर्तमानपत्रांतून सर्वांनीं वाचलेलेंच आहे.

एका कथेच्या चित्रांच्या जुडग्यास हे लोक 'पोथी'च म्हणतात. या पोथींत अक्षर नसतें. तीस, चाळीस किंवा त्याहून अधिक चित्रें. दोन दोन चित्रें पाठीला पाठ लावून चिकटविलेलीं. पुढ्यांत एका लाकडी फळीला टेंकवून एक बाजू दाखवावयाची, गाणें व निरूपण संपलें कीं पान उलटावयाचें. आरंभीं गणपति व सरस्वती यांचीं चित्रें येतात, तेवढ्यापुरता क्रम परक्यासही कळतो. तेथून पुढें सर्व भार कथेकऱ्याच्या स्मरणावर. त्याच्याजवळ वीणा, जोडीदारांजवळ टाळ व हुडुक. हुडुक म्हणजे डमरूच्या जातीचें, मध्यें निमुळतें असें लहान वाद्य. देवगिरीस यादवांच्या आश्रयानें तेराव्या शतकांत संगीतरत्नाकर लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानें वाद्याध्यायांत 'हुडुक्का' नांवाच्या वाद्याचें वर्णन दिलें आहे. तें नांव आज सातशें वर्षांनंतर कुडाळ तालुक्यांतील एका पोराच्या तोंडीं सहज यावें, याचा आम्हांस जो आनंद झाला तो लपविण्याचें कारण दिसत नाहीं.

या परंपरेचे दाखले संस्कृत वाङ्मयांत विपुल आहेत. चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत चित्रांच्या आधारानें सांगणाऱ्यास चित्रकथक अशी संज्ञा आहे, ती विद्वानांनीं वारंवार उद्धृत केली आहे. तिच्यावर आम्ही थांबत नाहीं. त्याहून फार जुना दाखला पतंजलीचा. पाणिनीच्या 'हेतुमति च' या सूत्रावरील भाष्यांत त्यानें प्रश्न काढला आहे कीं, कंस तर केव्हांच मेला. मग 'कंसाला मारवितो' असा वर्तमानकाळ कसा वापरावा? त्याच्या उत्तरांत शोभनिक येतात, ग्रंथिक येतात, आणि मध्यें चित्रेंही येतात; कारण चित्रांत उगारलेले व पडलेले प्रहार डोळ्यांपुढें असतात. व्याकरणाचा हा खल आम्हीं पस्तीस वर्षें वर्गांत शिकविला. पण आमचे वृद्ध सोबती फळीवर पान टेंकवून "हा बघा, मारुती निघाला" असें म्हणत, आणि चाळीस मुलें मान वळवून खरोखरच त्याला निघतांना पाहत, तेव्हां पतंजलीचें तें समाधान आम्हांस प्रथमच नीट समजलें.

आणखी दोन दाखले आहेत, आणि त्यांच्यांतील एका गोष्टीकडे आमचें लक्ष आजवर गेलें नव्हतें. बाणाच्या हर्षचरितांत, पिता मरणोन्मुख असतां हर्ष घाईनें राजधानींत शिरतो, तेव्हां बाजाराच्या रस्त्यांत त्याला यमपट्टिक दिसतो. डाव्या हातांत काठ्यांवर ताणलेला पट, त्यावर भयंकर रेड्यावर बसलेला यम, उजव्या हातांत बोरूची काडी. आणि त्याच्याभोंवतीं कोणाची गर्दी? मुलांची. दुसरा दाखला मुद्राराक्षसाच्या पहिल्या अंकांतला. चाणक्याचा हेर यमपट घेऊन चंदनदासाच्या घरीं गातो. तें ऐकून पांच वर्षांचें एक मूल कुतूहलानें डोळे विस्फारून बाहेर येऊं लागतें. त्याला आवरतांना दारांतील स्त्रीच्या बोटांतून राक्षसाची मुद्रा गळते व घरंगळत हेराच्या पायाशीं येते. ज्या मुद्रेवरून नाटकाला नांव पडलें, ती एका मुलाला चित्रें पाहावयाचीं होतीं म्हणून चाणक्याच्या हातीं लागली. टीकाकारांनीं त्या मुद्रेवर पुष्कळ लिहिलें. त्या मुलाची विचारपूस आम्हींही केली नव्हती. चित्रकथ्याचा श्रोता म्हटला कीं तो आधीं लहान मूल, हें या दोन्ही कवींनीं गृहीत धरलेलें दिसतें.

आतां आमच्या फजितीकडे वळूं. 1994 च्या सुमारास जुन्या बाजारांत एका विक्रेत्याकडून आम्हीं चित्रकथीचें एक पान विकत घेतलें होतें. लाल, काळा व निळा रंग, कागद जाड व कडांस झिजलेला, दोन वानर एकमेकांस भिडलेले. रामायण आमच्या पाठांतलें. तेव्हां हा प्रसंग वालि-सुग्रीवांच्या युद्धाचा, याविषयीं आम्हांस शंकाच वाटली नाहीं. पान कांचेच्या चौकटींत बसविलें, खालीं सुवाच्य अक्षरांत 'वालिसुग्रीवयुद्ध' अशी चिठ्ठी डकविली, आणि तीस वर्षें तें आमच्या भिंतीवर टांगलें. आलेल्या-गेलेल्यांनीं त्याची वाखाणणी केली. शिबिरांत दाखवावें म्हणून तें आम्हीं मोठ्या हौसेनें बरोबर नेलें होतें.

चौथ्या दिवशीं दुपारीं तें मुलांपुढें ठेवलें. चिठ्ठी वाचून पुढच्या रांगेंतील एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, मग झाडामागचा राम कुठें आहे?"

आम्हीं पाहिलें. झाड नव्हतें, राम नव्हता, बाण नव्हता. राम पुढच्या चित्रांत असेल, असें कांहींतरी आम्हीं म्हणालों. तेव्हां आजवर स्वस्थ बसलेले वृद्ध चित्रकथी पुढें आले, चौकट हातांत घेऊन बराच वेळ न्याहाळीत राहिले, व हळूच म्हणाले, "गुरुजी, याची पाठ बघितली का?"

ती आम्हीं कधींच पाहिली नव्हती. विक्रेत्यानें पान पुठ्ठ्यावर लावून दिलें होतें, आम्हीं तसेंच चौकटींत घातलें होतें. एका मुलाच्या कंपासपेटींतील पट्टीनें मागचा पुठ्ठा सोडविला. पाठीवर दुसरें चित्र निघालें: देवीची मूर्ति, आणि तिच्यापुढें हात बांधलेले दोन राजपुत्र. वृद्धांनीं चित्र पाहिलें व कांहीं न सांगतां वीणेवर स्वर धरून गाण्यास आरंभ केला. तें महिरावणाचें आख्यान होतें. राम-लक्ष्मणांस पाताळांत नेऊन देवीस बळी देण्याचा बेत, त्यांच्या शोधांत निघालेला मारुती, आणि पाताळाच्या दारावर त्याला अडविणारा मकरध्वज, म्हणजे त्याचा स्वतःचाच मुलगा. आमचे दोन वानर म्हणजे बाप व लेक होते. वाल्मीकीच्या रामायणांत हें आख्यान नाहीं. लोकांच्या रामायणांत तें सर्वत्र आहे. आम्हीं पोथी वाचली ती आपल्या कपाटांतील ग्रंथावरून, आणि ती होती दुसऱ्याच ग्रंथाची.

पान त्यांच्या घराण्याच्या पोथींतलें नव्हे, हात दुसऱ्याचा आहे, असेंही त्यांनीं सांगितलें. तरीही गाण्यांत त्याची जागा कोणती हें त्यांस बिनचूक ठाऊक होतें.

येथें हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं थोडें थांबावें अशी आमची विनंति आहे. राजस्थानांतील पाबूजीची फड किंवा बंगालच्या पटुआंचा पट घ्या. तो एकसंध कापड किंवा गुंडाळी असते. विकली तरी आख्यान बहुधा एकत्र जातें. चित्रकथीची पोथी सुट्या पानांची. ती पानापानानें विकतां येते, आणि तशी ती विकली गेली आहे. पुण्यांत कै. दिनकर केळकरांनीं अशा चित्रांचा मोठा संग्रह राखला, हें मोठें उपकार झाले. पण देशांत व परदेशांत चौकटींत बसलेलीं एकटीं पानें किती तरी आहेत. शिवाय बाजारांत त्यांस 'पैठणचीं चित्रें' म्हणण्याचा प्रघात पडल्यामुळें मूळ ठिकाणही पुसट झालें. चित्रकथी केवळ एका गांवचे नव्हते. 1885 च्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांतही त्या नांवाच्या जातीचें वर्णन आहे. पान कोणत्या हातचें व कोणत्या भागाचें हें ठरविण्यास म्हणूनच पानाबाहेरचा पुरावा लागतो. आपण लिखित पोथीचें एखादें पान विकत घेऊन त्याची मागली बाजू न वाचतां भिंतीवर लावूं काय? चित्राच्या पोथीबाबत मात्र आम्हीं तेंच केलें, आणि पुढलें-मागलें चित्र एकमेकांस लागून असणें हा क्रमाचा जो एकमेव बाह्य पुरावा, तोच पुठ्ठ्याखालीं गाडून टाकला.

त्यानंतरचे दिवस आम्हीं वृद्धांच्या संमतीनें एक प्रयोग केला. त्यांच्या एका पोथीच्या छायाप्रती काढून, पत्त्यांप्रमाणें पिसून, सहा सहा मुलांच्या टोळ्यांस दिल्या व क्रम लावण्यास सांगितलें. मुलांनीं प्रथम वस्त्रांच्या रंगांवरून लावला, तो चुकला. मग कोणी शस्त्रांवरून, कोणी माणसांच्या संख्येवरून लावला, तोही चुकला. तिसऱ्या दिवशीं गाणें थोडें तोंडीं बसल्यावर तींच मुलें गात गात पानें उचलूं लागलीं, आणि दोन ठिकाणें सोडलीं तर क्रम बरोबर आला. त्या दोन ठिकाणांपैकीं एके जागीं वृद्ध स्वतःच अडखळले. त्यांनीं तें कडवें पुन्हा म्हणून पाहिलें व हंसून पान बदललें. चाल, हुडुकाचा ठोका व शब्द हीं तिन्हीं एकदम आलीं तरच पुढचें चित्र आठवतें, नुसते शब्द बोलून आठवत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. अशा रीतीनें पोथीची अनुक्रमणिका चालींत आहे. ती कोणत्याही दफ्तरांत मिळावयाची नाहीं.

याचा अर्थ दहा दिवसांच्या शिबिरानें चित्रकथी तयार होतो असा कोणी करूं नये. घराण्यांतलें मूल हें काम वर्षानुवर्षें बापामागें बसून शिकतें. आमच्या मुलांस एका आख्यानाचा जेमतेम तिसरा हिस्सा आला, व हुडुकाचा ठोका चारसहांनाच नीट साधला. चित्रांत तर शहरच्या मुलांनीं मारुतीस सिनेमांतील मल्लाची छाती दिली. वृद्धांनीं ती पुसली नाहीं, फक्त शेजारीं आपला एका बाजूनें पाहणारा, मोठ्या डोळ्याचा मारुती काढून ठेवला. समारोपाच्या दिवशीं पाहुण्यांचीं भाषणें लांबलीं, म्हणून व्यवस्थापकांनीं या वर्गास पांच मिनिटें दिलीं. मारुती पाताळाच्या दाराशीं पोंचण्यापूर्वींच टाळ्या झाल्या आणि राम-लक्ष्मण देवीपुढें बांधलेलेच राहिले. मुलांस हें इतकें लागलें कीं, जेवणानंतर ओसरीवर कंदील मागवून त्यांनीं आख्यान पुरें करविलें. तेथें पाहुणे नव्हते. गांवांतलीं चारदोन माणसें आपण होऊन येऊन बसलीं.

आम्हीं त्या रात्रीं सबंध आख्यान ध्वनिमुद्रित करून घेतलें, व पुढें तीन दिवस वृद्धांजवळ बसून प्रत्येक कडव्यापुढें पानाचा क्रमांक व बाजू लिहून काढली. आमचें पान त्या यादींत कोठें बसतें तेंही नोंदलें आहे. आतां तें दोन कांचांमध्यें बसविलें आहे, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. 'वालिसुग्रीवयुद्ध' ही चिठ्ठी काढून टाकली आहे. ज्या पोथींतून तें निघालें, तिचीं उरलेलीं पानें कोठें तरी असतील. ओळखण्याची खूण अशी: वानरांच्या शेपटीचें टोंक काळ्या रेघेनें दोनदां वळविलेलें आहे, आणि देवीच्या चित्राच्या उजव्या कडेस पाण्याचा अर्धचंद्राकृति डाग आहे, तो शेजारच्या पानांवरही उतरलेला असावा. ज्या संग्राहकांजवळ अशीं पानें असतील त्यांनीं चौकट उघडून पाठ पाहावी, व दोन्ही बाजूंचें वर्णन या त्रैमासिकाकडे कळवावें. वृद्धांचें वय एक्क्याऐंशीं आहे. पत्रें पावसाळ्यापूर्वीं आलीं तर तीं त्यांस वाचून दाखवितां येतील.