फ्रिंग, गुस्ताव्हो

फ्रिंग, गुस्ताव्हो (रूढ नाव : गस). व्हिन्स गिलिगन यांच्या ‘ब्रेकिंग बॅड’ (२००८–१३) या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील, तसेच तिच्या आधीचा काळ सांगणाऱ्या ‘बेटर कॉल सॉल’ (२०१५–२२) या मालिकेतील काल्पनिक गुन्हेगार. भूमिका : जिआंकार्लो एस्पोझितो. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहरात ‘लोस पोयोस एर्मानोस’ ही फ्राइड चिकनच्या हॉटेलांची साखळी चालवणारा उद्योजक, शहरातला मान्यवर देणगीदार आणि त्याच वेळी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातला मेथॅम्फेटामीन या अमली पदार्थाचा मोठा घाऊक व्यापारी. ‘ब्रेकिंग बॅड’च्या दुसऱ्या पर्वात (२००९) तो प्रथम दिसतो आणि चौथ्या पर्वाच्या अखेरच्या भागात (९ ऑक्टोबर २०११) मारला जातो.

त्याचा प्रवेशच त्याच्या स्वभावाची ओळख करून देतो. रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट आपला माल विकायला गिऱ्हाईक शोधत त्याच्या हॉटेलात येऊन बसतो. बराच वेळ कोणीच भेटायला येत नाही. मधूनमधून पिवळा शर्ट आणि टाय घातलेला, चष्मा लावलेला मॅनेजर टेबलांमधून फिरतो, सगळे ठीक आहे ना म्हणून विचारतो. दुसऱ्या खेपेस वॉल्टरला उलगडा होतो, की ज्याची वाट पाहत आपण बसलो होतो तो हाच. गस तरीही लगेच कबूल होत नाही. वॉल्टरचा साथीदार जेसी पिंकमन उशिरा आला, तोही नशेत, एवढे त्याला पुरेसे असते. बेसावध माणसाशी आपण व्यवहार करत नाही असे तो शांतपणे सांगतो. पुढे सौदा होतो तो त्याच्या अटींवर : ३८ पौंड माल, १२ लाख डॉलर, पोहोचवायला एक तास. त्या एका तासापायी वॉल्टर स्वतःच्या मुलीच्या जन्माला हजर राहू शकत नाही. गसला हे ठाऊकही नसते, आणि ठाऊक असते तरी अट बदलली असती असे वाटत नाही.

अशा पात्राबद्दल ‘दुहेरी आयुष्य’ आणि ‘मुखवटा’ हे शब्द हमखास वापरले जातात. गसच्या बाबतीत ते अपुरे आहेत. मुखवटा म्हटला की त्याच्यामागे वेगळा चेहरा गृहीत धरावा लागतो. गसचे हॉटेल मात्र नुसता देखावा नाही. तो तिथे खरोखर राबतो, नोकरांना रागावतो तेही आवाज न चढवता, तळणीचे भांडे नीट घासले नसेल तर पुन्हा घासायला लावतो. चिकनच्या पिठाच्या बादल्यांतून, स्वतःच्याच ट्रकांनी, निळे मेथ राज्याबाहेर जाते. म्हणजे एकाच वितरणव्यवस्थेवर दोन्ही धंदे चालतात आणि दोन्हींना लागणारे गुणही एकच. वेळ पाळणे, स्वच्छता, नोंदी, गाजावाजा न करणे. साधी व्होल्वो गाडी, नीटनेटके घर, अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणेच्या म्हणजे डीईएच्या धर्मादाय शर्यतीला प्रायोजकत्व, हे सगळे लपण्यासाठी आहे हे खरे, पण त्यातले खोटे असे फार थोडे आहे. वॉल्टरला जेवायला बोलावून तो स्वतः ‘पायला मरीना’ हा चिली देशातला मासळीचा रस्सा रांधतो आणि माझ्या मुलांना हा आवडत नाही, असे सहज म्हणून जातो. घरात खेळणी दिसतात. मुले मात्र दोन्ही मालिकांत कधीच दिसत नाहीत.

त्याच्या हिशेबीपणाचा सर्वांत मोठा नमुना तिसऱ्या पर्वात आहे. मेक्सिकोतील कार्टेलमधल्या सालामांका घराण्यातले जुळे भाऊ वॉल्टरच्या जिवावर उठलेले असतात. गसला वॉल्टर जिवंत हवा, पण कार्टेलला उघड नकार देण्याइतके बळ अजून नाही. तो त्या दोघांना वॉल्टरऐवजी त्याचा साडू हँक श्रेडर याच्याकडे वळवतो. हँक डीईएचा अधिकारी. हल्ल्याच्या एक मिनिट आधी हँकला निनावी फोन येतो. तो कोणी केला हे मालिका उघड सांगत नाही. सगळे धागे मात्र गसकडेच जातात. एक भाऊ जागीच मरतो, दुसरा रुग्णालयात गसच्या माणसाकडून मारला जातो, आणि गस त्याच रुग्णालयात पोलिसांसाठी चिकनचे खोके घेऊन हजर असतो, गुन्हेगारांची माहिती देणाऱ्याला १० हजार डॉलरचे बक्षीसही जाहीर करतो. केंद्रीय अधिकाऱ्यावरच्या हल्ल्यामुळे सीमेपलीकडे धाडी सुरू होतात, कार्टेलचा पुढारी हुआन बोल्सा मारला जातो, मेक्सिकोतून येणारा माल अडतो आणि बाजार आयताच गसच्या हाती येतो. वॉल्टरला हा सगळा डाव नंतर उमगतो. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा कौतुक अधिक आहे. लाँड्रीच्या तळघरातली प्रयोगशाळा, आठवड्याला २०० पौंड उत्पादन, तीन महिन्यांचे ३० लाख डॉलर असा प्रस्ताव गसने आधीच मांडलेला असतो. माणसाला पैशाने नव्हे तर त्याला स्वतःविषयी जे ऐकायचे आहे ते ऐकवून बांधता येते, हे त्याला बरोबर कळते : वॉल्टरशी तो कुटुंबाच्या पोशिंद्याच्या कर्तव्याविषयी बोलतो, जेसीला विश्वासाची जागा देतो.

हिंसेबाबतही त्याची पद्धत तीच. चौथ्या पर्वाच्या आरंभी तो प्रयोगशाळेत उतरतो, कोट आणि चष्मा काढून ठेवतो, संरक्षक पोशाख चढवतो आणि खोकी कापायच्या कटरने व्हिक्टर या आपल्याच विश्वासू माणसाचा गळा चिरतो. मग हात धुतो, कपडे बदलतो, टाय नीट करतो. वॉल्टर जिवाच्या आकांताने बोलत असतो. गस या सबंध वेळात जवळजवळ मुका आहे, शेवटी फक्त कामाला लागा असे बजावून निघून जातो. व्हिक्टरला का मारले? प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ गेल बोएटिकर याच्या खुनाच्या जागी लोकांनी त्याला पाहिले होते म्हणून, की मालकाला न विचारता त्याने स्वतःच माल बनवायला घेतला म्हणून? मालिका उत्तर देत नाही. दोन टोळीवाल्यांना लहान मुलांना धंद्यात वापरू नका असे तो ठणकावतो आणि त्याच रात्री एका अकरा वर्षांच्या मुलाचा खून होतो. तो त्याच्या आज्ञेने झाला की आज्ञेचा मतलब वेगळा काढल्यामुळे, हेही गुलदस्त्यातच राहते. पात्र जितके मितभाषी, तितकीच त्याची पटकथाही, आणि या दर्जाच्या लेखनात ही मोठी शिस्त आहे. गसचे मन उलगडून दाखवणारे एखादे स्वगत घालायचा मोह लेखकांनी पहिल्या मालिकेत टाळला.

गसचा पूर्वेतिहास तुकड्यातुकड्यांनीच कळतो. तो मूळचा चिलीचा. पिनोशेच्या लष्करी राजवटीशी (१९७३–९०) त्याचा काही संबंध होता असे सूचित होते, कारण कार्टेलचा मुख्य डॉन एलादियो तू कोण आहेस हे मला ठाऊक आहे म्हणून त्याला जिवंत सोडतो. डीईएचे अधिकारी चिलीतल्या नोंदी शोधतात तर काहीच सापडत नाही. मेक्सिकोत त्याने माक्स आर्सिनिएगा या तरुण रसायनतज्ज्ञाबरोबर चिकनचा धंदा सुरू केला. ‘एर्मानोस’ म्हणजे भावंडे ती हीच दोघे. एलादियोच्या हवेलीतल्या जलतरण तलावाकाठी हेक्टर सालामांकाने माक्सच्या डोक्यात गोळी घातली आणि गसला जमिनीवर दाबून तो मृत चेहरा पाहायला लावला. दोघांचे नाते व्यवसायापलीकडचे होते हे पहिल्या मालिकेत सुचवलेले आहे, दुसरीत जवळजवळ स्पष्ट आहे.

या नोंदीच्या लेखकाच्या मते गसची खरी गुंतागुंत इथे सुरू होते. सगळ्यांपासून लपणारा हा माणूस माक्सचे नाव मात्र लपवत नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी त्याने दिलेली शिष्यवृत्ती माक्सच्या नावाने आहे. मेक्सिकोतल्या एका खेड्यात त्याने पैसा ओतून वस्ती उभी केली, तिथल्या कारंज्यावरही माक्सचेच नाव. डीईएने गेलच्या खुनाच्या जागी सापडलेल्या बोटांच्या ठशांविषयी विचारले, तेव्हा गेल या शिष्यवृत्तीचा मानकरी होता, मी त्याच्याकडे जेवायला गेलो होतो, असे उत्तर तो देतो. दुःखातून दिलेली शिष्यवृत्ती ऐनवेळी ढालीसारखी उपयोगी पडते. तिथून बाहेर पडल्यावर लिफ्टमध्ये त्याच्या हाताचे बोट किंचित थरथरते. संपूर्ण प्रसंगात दिसलेली ताणाची खूण एवढीच.

हेक्टरच्या बाबतीत तर हिशेब उलटाच होतो. ‘बेटर कॉल सॉल’मध्ये हेक्टरला झटका येतो तेव्हा त्याला मरू देणे सर्वांत सोयीचे असते. गस उलट जॉन्स हॉपकिन्सहून तज्ज्ञ डॉक्टर आणवतो, आणि हेक्टरची बुद्धी शाबूत झाली पण शरीर लुळेच आहे हे कळताच उपचार तिथेच थांबवतो. बेशुद्ध हेक्टरच्या उशाशी बसून तो लहानपणची एक आठवण सांगतो : गरिबीत जगवलेल्या लुकुमाच्या झाडाची फळे एक कोआती खाऊन जाई, सापळ्यात अडकून पाय मोडलेले ते जनावर त्याने रात्रभर दबा धरून पकडले. मारून टाकणे दयेचे ठरले असते, म्हणून त्याने ते जिवंत ठेवले. पुढे वर्षानुवर्षे तो वृद्धाश्रमात जाऊन हेक्टरला त्याच्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या देतो आणि माझ्याकडे बघ असे बजावत राहतो. हेक्टर बघत नाही. एलादियो आणि त्याचे साथीदार गसने आणलेल्या विषारी टकिलाने मेल्याचे कळते तेव्हाही नाही. (ती टकिला स्वतःही प्यायलेला गस त्या वेळी न्हाणीघरात जातो, टॉवेलाची घडी गुडघ्यांखाली घालतो आणि मग ओकतो. एलादियो मरून त्याच जुन्या तलावात कोसळतो.)

म्हणजे ज्याने आयुष्यभर स्वतःला कोणाच्या डोळ्यांत येऊ दिले नाही, त्याला एक साक्षीदार मात्र हवा होता. आपण कोण आहोत, काय गमावले आणि त्याची भरपाई कशी केली हे जाणणारा निदान एक माणूस जगात असावा, आणि तो शत्रूच असावा. त्याच्या सावधपणाला पडलेली ही एकमेव फट. वॉल्टर तिथूनच आत शिरतो. त्याआधी रुग्णालयाच्या वाहनतळावर गाडीखाली बॉम्ब असताना गस क्षणभर थांबतो, आसपास पाहतो आणि काहीही पुरावा नसताना माघारी फिरतो. चिकनच्या शेतावर बंदूकधारी गोळ्या झाडत असताना तो हात पसरून सरळ त्यांच्या दिशेने चालत जातो, कारण कार्टेलला आपण जिवंत हवे आहोत हे गणित त्याने मांडलेले असते. असा माणूस हेक्टर डीईएकडे गेल्याचे कळल्यावर सुई घेऊन स्वतः वृद्धाश्रमात जातो. खोली तपासून घेतो, चाकाची खुर्ची मात्र नाही. हेक्टर पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहतो आणि खुर्चीवरची घंटी वाजवू लागतो. खुर्चीला वॉल्टरने बॉम्ब लावलेला असतो. स्फोटानंतर गस खोलीबाहेर येतो, टाय सारखा करतो. मग कॅमेरा वळतो आणि अर्धा चेहरा उडालेला दिसतो. हे दृश्य काहींना अतिरंजित वाटले. ते तसे आहेच. पण टाय नीट करणारा हात आधीच्या दोन वर्षांत इतक्या वेळा दाखवला आहे, की अतिरंजनही स्वभावाला धरून येते.

‘बेटर कॉल सॉल’मध्ये गस तिसऱ्या पर्वापासून (२०१७) येतो. त्याचा शेवट प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे तो वाचणार का ही उत्कंठा उरत नाही, आणि लालो सालामांकाशी झालेल्या झुंजीत ती उणीव जाणवते. अर्धवट बांधलेल्या प्रयोगशाळेत आधीच पिस्तूल लपवून ठेवणे हे तर दूरदृष्टीपेक्षा लेखकांची सोय वाटते. इतर बाबतींत मात्र पात्र समृद्ध होते. प्रयोगशाळा बांधणारा जर्मन अभियंता व्हेर्नर त्सीगलर बायकोच्या ओढीने कामावरून निसटतो, तेव्हा प्रेमापायी सर्वस्व गमावलेला गस त्याला मृत्युदंडच देतो. ते काम गसचा माणूस माइक एर्मनट्राउट याच्या हातून होते. लालोच्या धाकाने सावध झालेला गस मध्यरात्री न्हाणीघराच्या फरशांच्या फटी टूथब्रशने घासताना दिसतो. आणि लालो संपल्यावर एके संध्याकाळी तो वाइन बारमध्ये जातो, तिथल्या जाणकार वाढप्याच्या वाइनच्या गोष्टी मन लावून ऐकतो, चक्क खुलतो. वाढपी एक बाटली आणायला आत जातो. तेवढ्यात गसचा चेहरा मिटत जातो. तो पैसे ठेवून उठतो. दोन्ही मालिका मिळून गसविषयी याहून जास्त सांगणारे दुसरे दृश्य नाही.

या पात्राचे निम्मे श्रेय एस्पोझितो यांचे. १९५८ मध्ये कोपनहेगनला जन्मलेले हे नट इटालियन वडील आणि आफ्रिकी-अमेरिकन आई यांचे पुत्र; स्पाइक ली यांच्या चित्रपटांमुळे आधीपासून परिचित. गसचा संथपणा आणि श्वासावरचा ताबा आपल्या योगाभ्यासातून आल्याचे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. थोड्या भागांपुरता पाहुणा म्हणून आलेला हा नट मालिकेचा मुख्य प्रतिनायक झाला आणि २०१२ मध्ये एमी पुरस्काराच्या सहायक अभिनेता विभागात त्यांना नामांकन मिळाले. ‘बेटर कॉल सॉल’साठीही पुढे नामांकने मिळाली, अभिनयाचा एमी पुरस्कार मात्र नाही. त्यांच्या स्पॅनिश उच्चारांत चिलीचा मागमूस नाही ही स्पॅनिश भाषकांची तक्रार रास्त आहे, आणि दोन मालिकांत मिळून ती कोणी दूर केली नाही. ‘द मँडलोरियन’ (२०१९ पासून) आणि ‘द बॉइज’ या मालिकांत मिळालेल्या थंड डोक्याच्या खलभूमिकांवर गसची छाप उघड दिसते. ‘लोस पोयोस एर्मानोस’ म्हणून चित्रित झालेले अल्बुकर्कीतले ‘ट्विस्टर्स’ हे उपाहारगृह मालिकेच्या चाहत्यांचे भेट देण्याचे ठिकाण झाले आहे. तिथे प्रामुख्याने बर्गर आणि बरीटो मिळतात.