माणसावरची जकात

जकात मालावर बसते. गुळावर, मिठावर, कापडावर. माणसाच्या जन्मावर कुणी जकात बसवली म्हटलं तर खोटं वाटेल. कॅनडाने ती बसवली. रीतसर कायदा करून, हातात पावती देऊन.

कॅनडाच्या पश्चिमेकडचे डोंगर फोडून रेल्वे नेली ती चिनी मजुरांनी. 15 हजारांवर मजूर त्या कामावर राबले. सुरुंगात उडाले, दरडीखाली गेले, थंडीनं गारठले. शेकडो मेले. 1885 साली रूळ जोडले गेले आणि त्याच 1885 साली कायदा झाला : चिनी माणूस बंदरात उतरला की डोक्यामागं 50 डॉलर भरायचे. गोऱ्याला हा कर नाही. काम होतं तोवर हात चालले, काम सरलं तसा माणसाचा विटाळ झाला!

1900 च्या कायद्यानं 50 चे 100 केले, 1903 च्या कायद्यानं 500. म्हणजे मजुराची जवळजवळ दोन वर्षांची कमाई. व्यापाऱ्याला आणि वकिलातीतल्या साहेबाला मात्र सूट. कर्ज काढून एकटा पुरुष यायचा, बायकापोरं गावी राहायची. 1923 पर्यंत सुमारे 82 हजार माणसांकडून 2 कोटी 30 लाख डॉलर वसूल झाले. 1923 साली दारच लावून घेतलं. ते उघडलं 1947 साली.

हिंदी माणूस तर ब्रिटिश राजाचा प्रजाजन. त्याच्यावर उघड कर कसा लावणार? म्हणून 1908 साली नवी शक्कल निघाली. मायदेशातून सलग प्रवास करून आलात तरच प्रवेश. आणि थेट तिकीट विकू नका, असं जहाज कंपनीला सांगून ठेवलेलं. शिवाय आशियाई माणसाच्या खिशात 200 डॉलर हवेत. आधी ते 25 होते. नियमात 'हिंदी' हा शब्दसुद्धा नाही. किती सोवळा कायदा!

1914 च्या मे महिन्यात 'कोमागाता मारू' जहाज 376 प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचलं. दोन महिने ते पाण्यातच अडवून ठेवलं. मोजक्यांना उतरू दिलं, बाकीच्यांना युद्धनौका आणून परत हाकललं. कलकत्त्याजवळ बजबजला उतरल्यावर पोलिसांच्या गोळ्या. वीसेक माणसं मेली.

मित्रांनो, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. 1901 साली बाबासाहेब लहानपणी भावंडांसोबत मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच गाडीवाले नाही म्हणाले. शेवटी ठरलं, भाडं दुप्पट आणि गाडी पोरांनीच हाकायची. ज्या आठवणी या प्रसंगानं सुरू होतात, त्यांना बाबासाहेबांनी नाव दिलं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'.

कॅनडानं माफी मागितली. डोईपट्टीबद्दल 2006 साली, जहाजाबद्दल 2016 साली. भरणारे बहुतेक तोवर मेलेले. आणि दर अजून संपलेला नाही. युरोपच्या शेंगेन देशांत थोडे दिवस जायला अमेरिकन पासपोर्टाला व्हिसा लागत नाही. भारतीयाला लागतो. 2024 पासून त्याची फी 90 युरो. अर्ज नाकारला तरी पैसे परत नाहीत.

म्हणून कुठलाही नियम वाचताना त्यात जातीचं, वर्णाचं नाव शोधत बसू नका. ते सापडणार नाही. पैसे कुणाच्या खिशातून जातात आणि दारात कोण उभा राहतो, एवढं बघा.